रिकामं वजन

अकरा वर्षं मी काट्याच्या खिडकीत बसलो.
गाडी चढायची, पत्रा थरथरायचा,
आकडे वर-खाली होऊन एका जागी बसायचे
आणि मी लिहायचो: नंबर, भरलेली, रिकामी.
भरलेलीतून रिकामी वजा केली की उरतो तो माल.
एवढंच काम.
ड्रायव्हर मला कोपरापर्यंतच ठाऊक,
पावतीसाठी खिडकीबाहेर आलेला हात,
त्यावर लाल धूळ.

मग खाण बंद झाली. काटा गंजला.
सोसायटीतल्या माणसाने विचारलं, अनुभव किती?
मी म्हटलं, अकरा वर्षं.
खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.
सुरंगाने जामीन म्हणून सही करताना
पेन थोडा वेळ हवेत धरलं,
मग पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट,
शाळेतल्या पाटीवर लिहावं तसं.

बोस्त्यांवने चावीबरोबर दिलं ते असं:
चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा,
अर्धा डबा ग्रीस,
आणि आरशाखालची सायबाची तसबीर.
"ती काढू नको. गाडीला सवय आहे."
आणि मग, जणू भाव करताना राहून गेलेलं:
"ब्रेकाचेर विश्वास दवरूं नाका.
गियराचेर दवर."
आठ दिवस तो शेजारी बसला.
पाय त्याचाही हलायचा,
नसलेल्या क्लचवर.

गाडी दारात मावेना, फणसाची फांदी तोडली.
सकाळी धाकटी टायरला पाठ लावून उभी राहिली.
टायर तिच्या कानापर्यंत आला.
"पुढच्या वर्षी मी मोठी," ती म्हणाली.
पुढच्या वर्षापर्यंत बारा हप्ते आहेत,
हे मी तिला सांगितलं नाही.

पहिला माल चिऱ्यांचा.
उसगावच्या पठारावरून साडेतीनशे नग,
राय गावात कुवेतवाल्याचं घर उठत होतं.
मनात हिशेब केला, सवयीने: दहा टन.
दहा टन मी किती वेळा लिहिलं असेल!
लिहायला एक सेकंद लागतो.

बोरीच्या उतारावर कळलं.
दहा टन पाठीमागे नसतं,
ते पोटात असतं, बेंबीच्या खाली,
आणि पुढे जायची त्याला भारी घाई.
दुसरा गियर पडेना. कर्रर्र.
मागून स्कूटरवाला आईवरून काहीतरी बोलला.
ब्रेकवरचा पाय मी उचलला
(हे अजून सुरंगाला माहीत नाही)
एक श्वास, मोकळी गाडी, एक पूर्ण श्वास,
आणि मग गियर बसला,
इंजिनाने दात आवळून ओझं धरलं.
पूल आला, पूल गेला.
नदी मी पाहिलीच नाही.

रायला गल्ली अरुंद, कोपऱ्यावर चुन्याने रंगवलेला खुरीस.
रिव्हर्स घेत होतो, घेत होतो,
फाळका वीतभर अलीकडे थांबला.
बाल्कांवातून एक म्हातारी उठून आली.
बोलली काहीच नाही.
खुरसापुढची पेटती मेणबत्ती उचलून
दोन पावलं पलीकडे ठेवली
आणि हाताने खूण केली: घे आता.

सात चिरे फुटले, ते कापले.
डिझेल, हमाल, चहा.
हातात एकशे चाळीस रुपये
आणि दोन्ही तळव्यांना स्टिअरिंगचा आकार.

परतताना फोंड्याबाहेर काट्यावर थांबलो,
नवी गाडी, कंत्राटदाराला रिकाम्या वजनाची पावती हवी होती.
पत्रा थरथरला. आतून थरथरतो तेव्हा
तो वेगळाच थरथरतो.
खिडकीतला पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला,
"ड्रायव्हर आत की बाहेर?"

मीही असंच विचारायचो. याच आवाजात.

"आत," मी म्हटलं,
आणि कोपर बाहेर काढून हात पुढे केला.
पावतीवर एकच आकडा होता.
त्यात गाडी किती आणि मी किती,
ते वेगळं लिहिलेलं नव्हतं.